शिसे, भाडे आणि भांडवल : न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीचे प्रकरण

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील १६८४ क्रमांकाच्या इमारतीत १८९८ पासून जे काम चाले, ते आधी नीट पाहून घेतले तर हे सारे प्रकरण समजायला सोपे जाते. भाड्याची गाडी रस्त्यावरून आत येई आणि मागे सरत सरत एका ओट्याला लागे. पाण्याच्या दाबावर चालणारे दट्टे तिला रेटून अगदी ठरल्या जागी आणीत. गाडीच्या पोटात एका मोठ्या पेटीत शिशाच्या बॅटरीचे चव्वेचाळीस सेल बसवलेले असत आणि त्या पेटीचे वजन साडेपाचशे ते सहाशे किलो भरे. ती पेटी यंत्राने बाहेर ओढली जाई, वरच्या क्रेनने उचलून चार्जिंगच्या दालनात नेली जाई आणि तिथली भरलेली दुसरी पेटी आणून गाडीच्या पोटात सरकवली जाई. पेटी जागेवर बसली की जोडणीची टोके आपोआप एकमेकांना भिडत, आणि काही मिनिटांत गाडी पुढच्या भाड्याला मोकळी होई. जॉर्ज हर्बर्ट कॉन्डिक्ट या अभियंत्याने ही सगळी मांडणी केली होती. आज आपल्या शहरांतून घरपोच सामान पोहोचवणाऱ्या स्कूटरवाल्यांना बॅटरी बदलून देणारी कपाटे दिसतात. त्यामागची कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वी, तीही टनभर वजनाच्या गाड्यांसाठी, रोजच्या वापरात होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

ही व्यवस्था चालवणारी इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी १८९७ मध्ये स्थापन झाली, १८९९ मध्ये अमेरिकेतील सर्वांत मोठी मोटार कंपनी म्हणून गाजली आणि डिसेंबर १९०७ मध्ये तिच्यावर न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे बुडीत कंपनीचा ताबा घेणारा अधिकारी, नेमला. तिच्या अपयशाचे ठरलेले स्पष्टीकरण एका वाक्यात संपते : त्या काळची बॅटरी जड होती, लवकर उतरत होती, म्हणून पेट्रोलचे इंजिन जिंकले. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण फार अपुरे आहे. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्या वेळी पेट्रोलचे इंजिन काही विजेपुढे जाऊन उभे राहिले नव्हते; विजेच्या गाड्यांच्या सर्वांत मोठ्या कंपनीचा डोलारा मात्र त्याच सुमारास डळमळू लागला होता. त्यामुळे या कंपनीला पेट्रोलने हरवले असे म्हणताना कालक्रमाचीच अडचण येते, आणि कारण कंपनीच्या हिशेबात शोधावे लागते.

सुरुवात : फिलाडेल्फिया

कंपनीचे मूळ फिलाडेल्फियातील दोन माणसांत आहे. हेन्री मॉरिस हे यंत्र अभियंता होते आणि पेड्रो सॅलोम रसायनशास्त्राचे जाणकार. विजेवर चालणाऱ्या ट्राम गाड्यांसाठी बॅटरी वापरण्याचे प्रयोग अनेक शहरांत फसत चालले होते, कारण डोक्यावरच्या तारेतून वीज घेणे ट्रामला कितीतरी स्वस्त पडे. रुळावर नसलेल्या गाडीला मात्र तार सोबत नेता येत नाही, तिला बॅटरीच लागते, हा विचार करून या दोघांनी १८९४ मध्ये ‘इलेक्ट्रोबॅट’ नावाची गाडी बनवली. ती सुमारे २,००० किलो वजनाची होती आणि त्यातले ७०० किलोंहून अधिक वजन एकट्या बॅटरीचे होते. म्हणजे गाडी जेवढी माणसांना वाहून नेई, त्यापेक्षा कितीतरी जास्त ती शिशालाच वाहून नेत असे. पुढच्याच वर्षी त्यांनी बरीच हलकी दुसरी गाडी तयार केली. तिला दीड-दीड अश्वशक्तीच्या दोन मोटारी होत्या आणि एका चार्जिंगवर ती सुमारे ४० किलोमीटर जाऊ शके.

२८ नोव्हेंबर १८९५ रोजी शिकागोच्या टाइम्स-हेरल्ड वृत्तपत्राने मोटारींची शर्यत भरवली. रस्त्यावर बर्फ आणि चिखल होता. सुमारे ८७ किलोमीटरचे अंतर ड्युरिया यांच्या पेट्रोल गाडीने दहा तासांहून थोड्या अधिक वेळात पूर्ण करून शर्यत जिंकली. इलेक्ट्रोबॅटला एवढे अंतर एका चार्जिंगवर कापणे शक्यच नव्हते, आणि ती थोडे अंतर जाऊन थांबली; तरीही आवाज, धूर आणि थरथर नसणे, चालवायला सोपी असणे या गुणांसाठी सुवर्णपदक तिलाच मिळाले. शर्यत एकाने जिंकावी आणि पदक दुसऱ्याला मिळावे, हा निकाल वरवर विचित्र वाटतो. पण परीक्षकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली होती. लांब पल्ल्यासाठी कोणती गाडी बरी आणि शहरासाठी कोणती बरी, हे ते दोन प्रश्न होत.

मॉरिस आणि सॅलोम यांनी शहराचा प्रश्न घेतला. १८९६ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक कॅरेज अँड वॅगन कंपनी काढली आणि १८९७ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये सुमारे डझनभर विजेच्या हॅन्सम गाड्या भाड्याने फिरू लागल्या. हॅन्सम म्हणजे दोन उतारूंची बंद गाडी. मुंबईच्या व्हिक्टोरियात कोचमन उतारूंच्या पुढे बसे, तर हॅन्सममध्ये तो त्यांच्या मागे उंचावर बसून छपरावरून रस्ता पाही. या गाडीत घोडा गेला, पण कोचमन आपल्या जुन्या जागीच राहिला. गाड्या विकायच्या नाहीत, फक्त भाड्याने फिरवायच्या, हे या दोघांनी पहिल्यापासून ठरवले होते. त्या निर्णयाला माझ्या मते पुढच्या सगळ्या घडामोडींपेक्षा जास्त महत्त्व आहे, आणि त्याचे कारण बॅटरीच्या स्वभावात आहे.

बॅटरीचा स्वभाव

शिशाची बॅटरी गॅस्टन प्लाँटे यांनी १८५९ मध्ये बनवली. प्लेटांवर शिशाच्या संयुगांचा लगदा थापून तिची क्षमता वाढवण्याची रीत कामिय फोर यांनी १८८१ मध्ये काढली. थापलेला हा लगदाच वीज साठवण्याचे खरे काम करतो, आणि तोच सर्वांत नाजूक असतो. गाडीला हादरे बसले, बॅटरी वाजवीपेक्षा जास्त उतरू दिली किंवा घाईघाईने चार्ज केली की लगद्याचे कण सुटून तळाशी गाळ साचतो. गाळ प्लेटांपर्यंत चढला की सेल आतल्या आतच जोडला जाऊन निकामी होतो. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना यातले निम्मे ठाऊक असते. महिन्याकाठी डिस्टिल्ड वॉटर घालायला विसरलेल्या बॅटरीला दुकानदार झाकणातून एक नजर टाकतो आणि ‘प्लेटा झडल्यात, बसली’ एवढेच सांगतो. घरातली बॅटरी तर जागची हलतही नाही. न्यूयॉर्कमधल्या गाडीची बॅटरी दगडी फरसबंदीवरून दिवसभर आपटत जात होती.

त्यातच वजनाचा तिढा होता. प्लेटा पातळ केल्या तर तेवढ्याच वजनात जास्त वीज साठते, पण त्या लवकर झडतात. जाड केल्या तर टिकतात, पण गाडी जड होते. म्हणजे गाडीचा पल्ला आणि बॅटरीचे आयुष्य यांत एकातून घेऊन दुसऱ्यात भरावे लागे. असे नाजूक यंत्र ग्राहकाला विकून टाकले तर तो वर्षभरात ते मारून टाकील आणि दोष गाडी बनवणाऱ्याला देईल, हे मॉरिस आणि सॅलोम यांना कळत होते. म्हणून गाडी, बॅटरी, चार्जिंग आणि दुरुस्ती एकाच हाताखाली ठेवून उतारूला केवळ फेरी विकायची, असे त्यांनी ठरवले. बॅटरीच्या दोषांवर व्यवस्थेने मात करण्याचा तो प्रयत्न होता, आणि लहान प्रमाणावर तो जमूनही गेला.

आयझॅक राइस

सप्टेंबर १८९७ मध्ये आयझॅक राइस यांनी हा सारा व्यवसाय विकत घेतला आणि इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी स्थापन झाली. राइस हे वकील, बुद्धिबळाचे मोठे आश्रयदाते आणि फिलाडेल्फियाच्या इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनीचे प्रमुख होते. (पाणबुड्या बांधणारी इलेक्ट्रिक बोट कंपनीही १८९९ मध्ये त्यांनीच काढली. बॅटरी जिथे जिथे खपेल तिथे तिथे हा माणूस पोहोचलेला दिसतो.) त्यांच्या बॅटरी कंपनीचा मुख्य धंदा वीजघरांना आणि ट्राम कंपन्यांना मोठ्या, जागच्या जागी बसणाऱ्या बॅटऱ्या पुरवण्याचा होता. भाड्याच्या गाड्या हे तिच्यासाठी नवे गिऱ्हाईक होते.

येथेच हिशेबाची पहिली गाठ पडते. बॅटरी विकणारी आणि बॅटरी झिजवणारी अशा दोन्ही कंपन्यांमागे एकच माणूस होता. झीज कमी झाली तर गाड्यांच्या कंपनीचा फायदा. झीज जास्त झाली तर बॅटरी कंपनीचा खप वाढणार. राइस यांच्या काळात यातून उघड नुकसान झाले नाही, कारण ताफा लहान होता आणि ब्रॉडवेचे केंद्र कॉन्डिक्ट यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली चालत होते. गाड्या वाढत वाढत १८९९ च्या सुरुवातीपर्यंत शंभराच्या घरात गेल्या. त्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कवर जबरदस्त हिमवादळ आले, घोडे घसरू लागले, तेव्हा विजेच्या गाड्या रस्त्यावर होत्या. कोणत्याही जाहिरातीने झाली नसती एवढी कीर्ती कंपनीला त्या आठवड्यात मिळाली.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या प्रकारच्या बातम्याही आल्या. २० मे १८९९ रोजी जेकब जर्मन नावाचा कंपनीचा एक चालक लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरून ताशी १२ मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर वेगाने गाडी हाकत होता. सायकलवरच्या पोलिसाने पाठलाग करून त्याला पकडले. अमेरिकेत अतिवेगासाठी मोटारचालकाला झालेली ही पहिली अटक मानली जाते. १३ सप्टेंबर १८९९ रोजी सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला ७४ व्या रस्त्यावर हेन्री ब्लिस हे गृहस्थ ट्राममधून खाली उतरले आणि विजेच्या एका भाड्याच्या गाडीने त्यांना धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. मोटारीच्या धडकेने मेलेले अमेरिकेतील पहिले पादचारी म्हणून त्यांची नोंद आहे. गाडीच्या चालकावर खटला झाला आणि तो सुटला. अपघात दुःखद होताच, पण या दोन्ही घटनांवरून एक गोष्ट कळते, ती अशी की शहराच्या रोजच्या रहदारीत मिसळून गेलेली पहिली मोटार विजेची होती.

लंडनचा इशारा

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे लंडनमध्ये हाच प्रयोग चालला होता आणि तो न्यूयॉर्कच्या भांडवलदारांनी बारकाईने पाहायला हवा होता. वॉल्टर बर्सी यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या गाड्या लंडन इलेक्ट्रिकल कॅब कंपनीने ऑगस्ट १८९७ मध्ये रस्त्यावर आणल्या. त्यांच्या गुणगुण आवाजामुळे लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणत. लॅम्बेथमधल्या केंद्रात तिथेही बॅटरी उचलयंत्राने बदलली जाई. गाड्यांची चाके भरीव रबराची होती. भरीव चाकांनी रस्त्याचा प्रत्येक हादरा बॅटरीपर्यंत पोहोचवला, प्लेटा झडत गेल्या, गाड्यांचा खडखडाट वाढला, आणि सुमारे पाऊणशे गाड्यांचा हा उपक्रम १८९९ मध्ये बंद पडला.

न्यूयॉर्कने हवेचे टायर वापरून प्लेटा वाचवल्या, पण खर्च टायरवर गेला. टन-दीड टनाच्या गाडीखाली त्या काळचे हवेचे टायर झपाट्याने फाटत. म्हणजे भरीव चाक घ्यावे तर शिसे झडे आणि हवेचे घ्यावे तर रबर फाटे. फुकटात काहीच सुटत नव्हते. गाडीच्या प्रत्येक मैलाला शिसे आणि रबर यांची अमुक एवढी झीज होणार, हे गृहीत धरून भाडे आणि ताफा ठरवणे एवढाच मार्ग शिल्लक होता. टांगेवाला घोड्याचा दाणागोटा आणि नालबंदी रोजच्या कमाईतून बाजूला काढतो, तसाच हा हिशेब. तो शंभर गाड्यांचा घालता येत होता. एकदम हजारो गाड्यांचा घालायचा तर आधी काही वर्षांचा अनुभव गाठीशी हवा होता.

ट्रामवाल्यांचा पैसा

१८९९ मध्ये विल्यम व्हिटनी या प्रकरणात आले. ते अमेरिकेचे माजी नौदलमंत्री होते आणि टॉमस फॉर्च्युन रायन व पीटर वायडनर यांच्यासोबत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन स्ट्रीट रेल्वेचे, म्हणजे ट्राम कंपनीचे सूत्रधार होते. छोट्या ट्राम कंपन्या विकत घ्यायच्या, त्यांच्यावर एक धारक कंपनी, म्हणजे त्यांचे शेअर बाळगणारी कंपनी, बसवायची, शेअर आणि रोखे काढायचे आणि घोड्यांच्या जागी वीज आणायची, ही त्यांची हातखंडा पद्धत होती. ट्राममध्ये ती चालून गेली होती. ट्राम आणि वीज यांची अशी जोडी जगभर जमत होती. मुंबईत १९०५ मध्ये नोंदल्या गेलेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने वीजपुरवठा आणि ट्राम दोन्ही आपल्या हाती घेतले, आणि १९०७ च्या मे महिन्यात घोड्यांच्या ट्रामच्या शहरात विजेची ट्राम धावू लागली. अशा भांडवलदारांना विजेची भाड्याची गाडी म्हणजे रूळ नसलेली ट्राम वाटली, यात नवल नाही. जिथे रूळ पोहोचत नाहीत तिथे हॅन्सम पोहोचेल आणि शहराची सारी वाहतूक एका मालकीखाली येईल, असा तो बेत होता.

बेतात चूक होती, ती रूळ आणि रस्ता यांतला फरक विसरण्याची. ट्राम ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी जाते, तिला किती वीज लागेल ते आदल्या दिवशी सांगता येते आणि वीज तिला वाटेतच मिळते. भाड्याच्या गाडीचा पुढचा उतारू कुठे जाणार हे तिच्या चालकालाही ठाऊक नसते. प्रत्येक गाडीला बॅटरी बदलायला एकाच केंद्राकडे रिकामी परतावे लागे, आणि केंद्रापासून जितके दूर जावे तितके हे रिकामे मैल वाढत. ताफा दुप्पट करायचा तर नुसत्या गाड्या दुप्पट करून भागत नव्हते. केंद्रे वाढवायला हवीत, राखीव बॅटऱ्या हव्यात, आणि सर्वांत कठीण म्हणजे बॅटरीची प्रकृती ओळखणारी माणसे हवीत. शेवटची गोष्ट शेअर विकून मिळत नाही.

गाड्या बनवण्यासाठी व्हिटनी यांनी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डच्या अल्बर्ट पोप यांच्याशी हातमिळवणी केली. ‘कोलंबिया’ सायकलींचे हे सुप्रसिद्ध कारखानदार १८९७ पासून विजेच्या मोटारीही बनवत होते. माणसे स्फोटावर बसून प्रवास करायला तयार होणार नाहीत, असे पेट्रोल गाड्यांविषयी त्यांचे मत असल्याचे सांगितले जाते. आणि गंमत अशी की त्यांच्याच पदरी असलेला हायरम पर्सी मॅक्सिम हा तरुण अभियंता मनाने पेट्रोलवाला होता. पोप यांचा मोटार विभाग वेगळा काढून नव्या व्यवस्थेत घेतला गेला. हजारो गाड्यांच्या घोषणा झाल्या. प्रत्यक्षात सुमारे २,००० गाड्या तयार झाल्या. न्यूयॉर्क, न्यू इंग्लंड, इलिनॉय अशा प्रदेशांच्या नावाने स्वतंत्र वाहतूक कंपन्या निघाल्या. त्यांनी गाड्या मुख्य कंपनीकडून घ्यायच्या, बॅटऱ्या राइस यांच्या जुन्या कंपनीच्या, आणि मोबदल्यात आपले शेअर मुख्य कंपनीला द्यायचे, अशी ती साखळी होती.

या साखळीकडे टांगेवाल्याच्या नजरेने पाहिले की दोष लगेच दिसतो. मुख्य कंपनीचा नफा स्वतःच्याच उपकंपन्यांना गाड्या विकण्यातून दिसू लागला. उतारूंकडून मिळणारे भाडे आणि त्यातून वजा होणारे शिसे-रबर यांचा हिशेब मात्र खालच्या कंपन्यांच्या वह्यांत राहिला. एका गाडीला दिवसाकाठी खरोखर काही उरते की नाही, हे जिथे कळत होते तिथे निर्णय होत नव्हते, आणि जिथे निर्णय होत होते तिथे ते कळत नव्हते. मॉरिस आणि सॅलोम यांनी ज्या कारणासाठी सगळे एका हाताखाली ठेवले होते, ते कारण कागदोपत्री एकत्रीकरण करता करता नाहीसे झाले.

परिणाम लवकर दिसले. बोस्टन आणि शिकागो येथे नवखी माणसे, अपुरी केंद्रे आणि घाईने उतरवलेल्या गाड्या यांचा मेळ बसला नाही. बॅटऱ्या अकाली बसू लागल्या आणि १९०१ पर्यंत दोन्ही ठिकाणचा व्यवसाय गुंडाळावा लागला. ‘हॉर्सलेस एज’ हे मोटारींना वाहिलेले नियतकालिक कंपनीची ‘शिशाच्या गाड्यांचा ट्रस्ट’ (ट्रस्ट म्हणजे मक्तेदार कंपन्यांचा गट) म्हणून यथेच्छ टर उडवत होतेच. डिसेंबर १८९९ मध्ये न्यूयॉर्क हेरल्डने कंपनीने एक मोठे कर्ज लबाडीने मिळवल्याचा आरोप छापला, आणि शेअर कोसळले. लोकांच्या मनात विजेची गाडी आणि शेअरबाजारातला घोटाळा यांची सांगड बसली, ती पुढे सुटली नाही. या सगळ्यांत न्यूयॉर्कमधला व्यवसाय मात्र टिकून राहिला आणि पुढे कित्येक वर्षे गाड्या फिरवत राहिला. बॅटरी तीच, गाडीही तीच, पण जिथे अनुभवी माणसे आणि पहिले केंद्र होते तिथे धंदा तगला. ‘बॅटरीच वाईट होती’ या स्पष्टीकरणाला या प्रकरणात मिळणारा हा सर्वांत सबळ छेद आहे.

पेट्रोलच्या पेटंटवर जगणारी विजेची कंपनी

यापुढची हकिकत इतकी उलटी आहे की ती कोणी रचून सांगितली असती तर पटली नसती. रॉचेस्टरचे वकील जॉर्ज सेल्डन यांनी पेट्रोल इंजिनाच्या गाडीच्या पेटंटसाठी १८७९ मध्येच अर्ज केला होता. अर्जात दुरुस्त्या करत करत त्यांनी तो सोळा वर्षे जिवंत ठेवला, आणि प्रत्यक्ष मोटारी बनू लागल्यावर ५ नोव्हेंबर १८९५ रोजी पेटंट पदरात पाडून घेतले, म्हणजे त्याची सतरा वर्षांची मुदत तेव्हा सुरू झाली. आपल्या गुंतवणुकीला कोणाच्या पेटंटचा अडसर होईल का, याची चौकशी करताना पोप यांच्या पेटंट विभागातील हर्मन कुंट्झ यांनी सेल्डन यांचे नाव पुढे आणले. नोव्हेंबर १८९९ मध्ये इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीने १०,००० डॉलर रोख आणि पुढील उत्पन्नात वाटा देऊन ते हक्क घेतले.

आधी संरक्षणासाठी घेतलेला हा कागद पुढे उत्पन्नाचा आधार झाला. कंपनीने १९०० मध्ये विंटन या कारखानदारावर दावा लावला; १९०३ मध्ये तडजोड झाली आणि परवानाधारक कारखानदारांचा संघ निघाला. प्रत्येक पेट्रोल गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का रॉयल्टी द्यायची आणि ती संघ, इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी व सेल्डन यांनी वाटून घ्यायची, असे ठरले. परिणामी विजेच्या गाड्यांची कंपनी पेट्रोलच्या गाड्या वाढण्याची वाट पाहू लागली. हेन्री फोर्ड यांनी परवाना घेतला नाही, त्यांच्यावर १९०३ मध्ये दावा झाला, १९०९ मध्ये खालच्या न्यायालयात ते हरले आणि जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकले. सेल्डन यांचे पेटंट ब्रेटन नावाच्या वेगळ्या घडणीच्या इंजिनापुरतेच लागू होते आणि फोर्ड यांच्यासह बहुतेकांची इंजिने ऑटो पद्धतीची, म्हणजे आजच्या पेट्रोल गाड्यांत असतात त्या घडणीची होती, असा तो निकाल होता. तोवर इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी अस्तित्वात उरली नव्हती.

१९०७

१९०७ हे वर्ष या सगळ्यांनाच भोवले. पोप यांचा मूळ कारखाना ऑगस्टमध्ये रिसीव्हरच्या ताब्यात गेला, मेट्रोपॉलिटन स्ट्रीट रेल्वे त्याच शरदात गेली, आर्थिक घबराट पसरली आणि डिसेंबरमध्ये इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीची पाळी आली. व्हिटनी १९०४ मध्येच वारले होते. १९०७ च्याच १ ऑक्टोबरला हॅरी ॲलन यांनी फ्रान्सहून आणलेल्या ६५ पेट्रोल गाड्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरवल्या. प्रत्येक गाडीत भाडे मोजणारे मीटर होते आणि त्या मीटरवरूनच ‘टॅक्सी’ हा शब्द तिथे रूढ झाला. शहरातल्या भाड्याच्या गाडीची जागा पेट्रोलने घेतली ती तेव्हा, विजेचा मोठा प्रयोग बोस्टन आणि शिकागोत कोसळल्याला सहा वर्षे उलटून गेल्यावर.

बॅटरी बदलून देण्याची कल्पना मात्र पोप यांच्याच हार्टफर्डमध्ये पुन्हा उभी राहिली. तिथल्या इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० पासून मालवाहू गाड्यांसाठी ही सेवा दिली. ग्राहकाने गाडी बॅटरीशिवाय विकत घ्यायची, बॅटरी वीज कंपनीची, आणि तिच्यासाठी महिन्याचे ठरावीक शुल्क अधिक धावलेल्या प्रत्येक मैलाचा दर द्यायचा, असा तो करार असे. झिजणाऱ्या प्लेटांचा खर्च ज्या कंपनीला सोसावा लागे, दरही तीच ठरवी आणि बॅटऱ्यांची देखभालही तीच करी. बेकरी, लाँड्री, दुकाने अशांचे गाडे रोज ठरलेल्या वाटांनी फिरत आणि रात्री ठरलेल्या जागी परतत. ही सेवा १९२४ पर्यंत चालली, आणि तेवढ्या काळात तिच्या बॅटऱ्यांवर साठ लाखांहून अधिक मैल गाड्या धावल्या.